खाऱ्या विहिरी

दर्यापूरकडच्या त्या गावातली शाळा दोन शिक्षकांची. एक देवमन सर, दुसऱ्या त्यांच्या पत्नी संध्या मॅडम. जानेवारीत मॅडम वारल्या. नवा शिक्षक आला नाही, तेव्हा त्यांचा चौथीचा वर्ग सरांकडेच आला.

वर्गासोबत एक अर्धवट कामही आलं. गावच्या विहिरी खाऱ्या का, हे मुलांनी शोधायचं आणि बांगलादेशातल्या एका शाळेला कळवायचं. विहिरी तिकडेही खाऱ्याच, पण त्यांच्या दाराशी समुद्र. त्या मुलांनी विचारलं होतं, "तुमचा समुद्र कुठे आहे?" पत्रं शुक्रवारी जायची होती.

संध्या मॅडम उत्तर सांगत नसत. त्यावरून घरी रोजचा वाद.

"मास्तरच सांगत नाही, मंग पोरं शाळेत येतात कायले?"

"घास तुमीच चावून देता जी," ती म्हणायची. "त्याइचे दात काय कामाचे?"

सोमवारी सरांनी फळ्यावर चार ओळी लिहून दिल्या. पूर्णेच्या खोऱ्यातल्या मातीतच क्षार आहेत, वगैरे. संध्याचं काम अडू नये, एवढंच मनात होतं.

बुधवारी एकोणीस पत्रं हातात आली. एकोणीसही सारखी, खाली नाव तेवढं वेगळं. सर खुर्चीत बसले. तिचं काम त्यांनी पुरं केलं नव्हतं, संपवलं होतं.

"रागिणी, हे असं काहून लिवलं?"

"तुमीच त सांगून देल्लं सर. मंग शोधाचं काय?"

"त्याच्या आधी काय लिवणार होती?"

"आमची विहीर खारी हाय. बाजूच्या वावरात भगवंतरावची विहीर, मधात फक्त धुऱ्याचा बांध, अन् त्याची गोडी. पण फळ्यावर त तसं नाई."

"भगवंतराव रातच्यानं मीठ टाकत असन तुह्या विहिरीत," मागून धर्मेंद्र म्हणाला. वर्ग हसला.

सरांनी पुस्तक चाळलं. त्यात या दोन विहिरी नव्हत्या. बावीस वर्षांत वर्गापुढे कधी न बोललेलं वाक्य ते बोलले, "मले माईत नाई."

"खरंच नाई माईत, सर?"

"खरंच."

"त्याची खोल असन."

"नाई, त्याच्याजवळून नाला जाते!"

"मंग मोजू ना!"

सरांनी तिकडच्या शिक्षकांना मोबाइलवर कळवलं की पत्रांना उशीर होईल. मग दोरी घेतली आणि वर्ग बाहेर काढला.

"कायचा सर्व्हे आला जी, मास्तर?" भगवंतरावांनी शेतातूनच आवाज दिला.

देवमन सरांनी रागिणीला पुढे केलं. "हिले विचारा."