काविळीचा डाग

लंकाबाईची काडीमोड झाली तेव्हा पंचांनी ठरवून दिलं, की आठ वर्षांची विजयमाला आईकडे राहील आणि दर महिन्याच्या पहिल्या बाजारी बाप तिला आठ दिवसांसाठी घेऊन जाईल. आईने लागोपाठ दोनदा पोर अडवली, तर पोर कायमची बापाची. बाप कानिफनाथ नगरजवळ नागापूरला कारखान्यात होता. लंकाबाई जामखेडजवळ दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मायलेकी तिथेच पालात राहत. साल १९७३.

फेब्रुवारीत विजयमाला परत आली तेव्हा पोलक्याच्या बाहीखाली, दंडावर, भाजल्याची खूण होती.

"हे काय गं?"

"कावीळ झाली हुती. आबांनी डाग दिला."

त्या भागात काविळीला डाग देतात. लंकाबाईला त्यात वावगं दिसलं नाही. उलट बरंच वाटलं. कामावरच्या बायांना ती सांगत राहिली, "माझ्याशी कसाबी वागला, पन लेकीचं केलं." मार्चमध्ये पोर निघाली तेव्हा कामावर खायला मिळणारी, पोरीच्याच वाट्याची चार दिवसांची सुकडी साठवून तिने कानिफनाथसाठी पुडी बांधून दिली.

टँकर आठवड्यातून दोनदा येई. प्यायचं भरून उरलं तर हातपाय धुवायचे. त्यामुळे मार्चच्या फेरीनंतर पोरीला न्हाऊ घालायला सहा दिवस लागले. पाठीवर तीन डाग होते.

कामावर मुक्ताबाई म्हणून एक म्हातारी होती. काविळीचे डाग देण्यात तिचा हात आयुष्यभर चाललेला. लंकाबाईने पोरीला तिच्यापुढे उभं केलं. मुक्ताबाईने हातोडी ठेवली, पोरीला उन्हाकडे वळवलं आणि प्रत्येक डागाशेजारी बोट धरून पाहिलं.

"काविळीचा डाग सुईच्या टोकायेवढा आसतो. दंडावर, येकच," ती म्हणाली. "ह्यो दंडावरचा बोटायेवढा हाय. आन् पाठीवर कुनी देत न्हाई."

"मंग कशाचं हे?"

"उलथन्याचं. तापवून लावल्यालं."

लंकाबाई खडीच्या ढिगावर बसली. "तवाच दावायला पायजे हुतं तुमाला."

"साऱ्या कामाला सांगत फिरलीस, बाई. तेवढं माझ्याकडंच आली न्हाईस."

पंचांतले सहादू तिथून दोन कोसांवर राहत. लंकाबाई दुसऱ्याच दिवशी पोरीला घेऊन गेली. त्यांनी पोरीला जवळ बसवून विचारलं. पोर म्हणाली, "कावीळ झाली हुती." तीनदा विचारलं, तिन्हीदा तेच.

"पोर तेच म्हनती. मागच्या बाजारी तूबी तेच सांगत हुतीस," सहादू म्हणाले. "मी पंचांफुडं काय ठिवू?"

"मी धाडनार न्हाई, तात्या."

"ह्या खेपंला न्हाई धाडलंस. फुडच्या खेपंला?"

लंकाबाईने पोरीला जवळ ओढलं.

"बाजारी मी स्टँडवर येतो," सहादू म्हणाले.

एप्रिलच्या पहिल्या बाजारी नगरची गाडी अकराला आली. कानिफनाथ उतरला. इस्त्रीचा शर्ट, हातात पोरीसाठी केळी. सहादूंना पाहून त्याने रामराम घातला.

"पोरगी येनार न्हाई," लंकाबाई म्हणाली.

"बरं. तात्या, ही येक धरा," तो शांतपणे म्हणाला. "अजून येकदा अडवू द्या." मग वाकून त्याने पोरीपुढे केळी धरली.

विजयमालाने केळी घेतली नाही. ती घाईघाईने म्हणाली, "म्या न्हाई सांगितलं, आबा. तात्यांनाबी न्हाई. म्या कावीळच म्हनले."

कानिफनाथचा हात तसाच राहिला.

सहादूंनी विचारलं, "काय न्हाई सांगितलंस, बाळा?"

पोर बापाकडे पाहत राहिली. पायाखालची माती ओली झाली, ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

"कानिफनाथ," सहादू म्हणाले, "गाडी उभी हाय तवर चढ. पंच बसतील तवा निरोप धाडतो. तवर पोरीपाशी येऊ नगंस."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. बाजाराची माणसं थांबली होती. तो चढला.

पालावर आल्यावर लंकाबाईने प्यायच्या पाण्यातलाच एक तांब्या काढला आणि पोरीचे पाय धुतले. मग तिने विचारलं, "मला तरी सांगायचं, विजू. मला का न्हाई सांगितलंस?"

"तू बायांना सांगत हुतीस," पोर म्हणाली. "आबांनी लई चांगलं केलं म्हनून."

लंकाबाईने पदराने तिचे पाय पुसले. पुसून कोरडे झाले, तरी ती पुसत राहिली.