उणे एक, उणे आय

गणिताच्या बाईंना फळा आता नुसता काळ्या ढगासारखा दिसायचा. डॉक्टरांनी हात टेकले होते. पण शाळेत बाईंनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. तीस वर्षं पाठ झालेली गणितं डोळे मिटूनही सुटत होती, मग बोंबाबोंब कशाला?

संमिश्र संख्या शिकवताना त्यांचा एकच हेका असे, "आधी चित्र काढा. सूत्र फसवतं, चित्र कधी फसवत नाही."

आज उणे एक उणे आय ही संख्या होती. वास्तव आणि काल्पनिक (आयचा) असे दोन्ही भाग उणे, म्हणजे बिंदू डावीकडे आणि खाली. बाईंनी दोन अक्ष आखले, ते छेदतात तिथे बोट टेकवलं आणि वितीनं मोजून बिंदू ठेवला. मग वर्गाकडे वळून विचारलं, "कोन दोनशे पंचवीस अंश. आहे कुणाला शंका?"

कुणीच बोललं नाही. पूर्वी बाईंना भंडावून सोडणारी, सगळे जिला शंकासुर म्हणत, ती मुलगीही गप्प. बाई सुखावल्या. दोन महिन्यांत एकही चित्र चुकलं नव्हतं.

तेवढ्यात पाठीमागे फळ्यावर हलकेच डस्टर फिरलं. खडूचा एकच टक् आवाज झाला. अनवाणी पावलं बाकाकडे परतली, आणि मगच अख्ख्या वर्गानं चित्र उतरवून घ्यायला सुरुवात केली.

इतका सराव एका दिवसात होत नाही, हे बाईंच्या लक्षात आलं.

"पुढचं गणित," बाई म्हणाल्या. पण फळ्याकडे त्या वळल्याच नाहीत.