गाजराचं बोट

बाबांनी सदऱ्याच्या खिशातून गाजर काढलं, लिफ्टच्या काचेवर टेकवलं आणि सहाचा आकडा लगेच उजळला. दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी आधी गाजराकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग माझ्याकडे. मी छताकडे बघत राहिले. सून म्हणून मी पुष्कळ काही निभावलंय, पण सासऱ्यांच्या खिशातल्या गाजराचं काय उत्तर द्यायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

बाबांचा जन्म भिंतींना गिलावा करण्यात गेला. सिमेंटने त्यांच्या बोटांचं कातडं इतकं वाळून जाड झालंय की उकळतं पातेलंही ते फडक्याशिवाय उतरवतात. जुन्या लिफ्टला बटणं होती, दाबली की काम झालं. नव्या लिफ्टला नुसती काच. सगळ्यांचं बोट तिला कळे, बाबांचं काही केल्या कळेना. दार बंद व्हायचं आणि बाबा आत उभे, दुसरं कुणी येईपर्यंत. त्यांनी बोट ओलं केलं, माझं क्रीम चोळून पाहिलं. एकदा नाक लावलं, तर ते मात्र तिला पटकन कळलं. पण स्वतःच्या घरी जायला लिफ्टपुढे नाक घासणारा तो माणूस नव्हे. शेवटी एकदा बाजारातून येताना चिडून त्यांनी पिशवीतलं गाजर काचेला टोचलं आणि लिफ्ट मुकाट्याने चालू लागली. तेव्हापासून इमारतीत त्यांचं नाव गाजरआजोबा.

आता खरी गंमत ऐका. ही काच तयार होते आमच्या ह्यांच्याच कारखान्यात. आणि ह्यांचं कामच मुळी ते. काचेला माणसाचं बोट नेमकं कळलं पाहिजे, पण पाण्याचा थेंब किंवा सदऱ्याची बाही बोट वाटता कामा नये.

त्या दिवशी जेवताना बाबा शांतपणे म्हणाले, रविवारी थोरलीकडे राहायला जातो, तिचं घर तळमजल्यावर आहे. ह्यांनी वर न बघता विचारलं, गाजराने काम होतंय ना, मग झालं तर.

"गाजराचं काम होतंय रे," बाबा म्हणाले. "मी आत उभा असतो आणि ती म्हणते, आत कुणी नाही."

ताट उचलून ते गेले. थोड्या वेळाने दाराजवळ त्यांची कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली दिसली. थोरली नणंद रविवारी न्यायला येणार होती. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी भांडते.

ह्यांना गाठून विचारलं, तुम्ही ती काच तपासता तरी कशाने? तर म्हणे, आमच्याकडे एक बोट आहे. पितळेची कांडी, गुळगुळीत, टोकाला गोल. यंत्र ती काचेवर टेकवतं आणि काच दर वेळी ओळखते. अहवालात बोट ठेवायला जागा नाही. माणसांची बोटं काय, एकसारखी नसतात ना, असं वर तक्रारीच्या सुरात.

"अहो, मग काच करता कुणासाठी? पितळेच्या माणसांसाठी?"

सकाळी हे बाबांच्या खोलीच्या दारात घुटमळले आणि म्हणाले, "बाबा, आज माझ्याबरोबर चला. तुमचं बोट हवंय." बाबा इस्त्रीचा सदरा घालून गेले. दिवसभर त्यांनी काचेला बोट लावलं आणि संध्याकाळी ऐटीत सांगितलं की साहेबलोक खुर्ची घेऊन शेजारी बसले होते.

पहिला उपाय अंगाशी आला. बाबांचं बोट काचेला फार पुसट कळत होतं, म्हणून ह्यांनी तिला सांगून ठेवलं की पुसटातलं पुसटही मोजायचं. आमच्याच लिफ्टमध्ये ते चढवलं. सकाळी झाडूवालीने ओल्या फडक्याने काच पुसली आणि सगळे आकडे एकदम उजळले. काळा कोट घालून कोर्टात निघालेल्या वकीलबाई प्रत्येक मजल्यावर थांबत थेट गच्चीत पोचल्या. जिन्याने खाली येताना त्यांनी आमच्या दारासमोर दहाही बोटं मोडली.

मग ह्यांनी पुन्हा डोकं घातलं. थेंब पसरतो, ओघळतो. बोट एका जागी टिकून राहतं. म्हणून काचेने एकदाच बघून ठरवायचं नाही, पुन्हा पुन्हा बघून मगच ठरवायचं.

"घाई नडत होती," हे म्हणाले. "पूर्ण ऐकून घेतलं ना, की समोरच्याचं बरोबर कळतं."

लग्न झाल्यापासून मी ह्यांना दुसरं काय सांगत होते?

रविवार उजाडला. थोरली आली का बघतो, म्हणून बाबा निघाले. खिशात गाजर होतंच. मी दारात उभी राहिले. लिफ्टमध्ये शिरून त्यांनी काचेवर बोट ठेवलं. काही झालं नाही. बाबांनी बोट हलवलं नाही, आणि मग तळमजल्याचा आकडा उजळला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दार बंद झालं.

लिफ्ट खाली गेली. वर आली, पण उघडली नाही. पुन्हा खाली गेली. मग गच्चीपर्यंत जाऊन आली. हे वर्तमानपत्र टाकून उठले, बिघडली वाटतं म्हणत. मी म्हटलं, "बसा खाली. फिरू दे त्यांना."

बऱ्याच वेळाने बेल वाजली. बाबांनी आत येऊन गाजर ओट्यावर ठेवलं.

"हे भाजीत घाल. थोरली खाली गाडी लावतेय. तिला म्हणावं, जेवूनच परत जा."

मग दाराजवळची पिशवी उचलून ते आपल्या खोलीत गेले, आणि कपाट उघडल्याचा आवाज आला.

खिशात राहून राहून गाजर पार सुकून गेलं होतं. तरी मी ते टाकलं नाही. धुतलं, चिरलं आणि सगळंच्या सगळं ह्यांच्या ताटात वाढलं. ह्यांनी मुकाट्याने खाल्लं.