धोंडूबाईचा उजवा गुडघा

शाळेच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध पाटावर घोंगडीबुवा डोळे मिटून बसला होता. आठ दिवस तो रोग्याला हात न लावता त्याचं दुखणं सांगत होता. गंगारामची मूळव्याध त्याने ओळखली, ठमाबाईचा दमा ओळखला. "देह म्हणजे काचेचा कंदील," तो म्हणायचा, "आतली वात मला दिसते." वात पाहायला नारळ लागे, शांत करायला कोंबडा.

मुलांनो, त्याला शाळेच्या मागच्या पडवीत मीच जागा दिली होती. शाळेबरोबर गावचं टपालही माझ्याचकडे असे. लोकांची दुखणी मी रत्नागिरीच्या डॉक्टरांना लिहून कळवायचो आणि त्यांचं औषध, सोबतचं उघडं कार्ड, माझ्याच हाती यायचं.

त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी धोंडूबाई पुढे बसली. बुवा घुमला आणि म्हणाला, "म्हातारे, उजव्या गुडघ्यात वात भरलाय."

"नाय वो बुवा, माजा डावा दुकतो. उजव्यावर तर मी चालतंय."

लोक हसले. देवाची उजवी ती माणसाची डावी, असं काहीतरी बुवाने सांगून टाकलं. मला मात्र हसू आलं नाही. डॉक्टरांनी कार्डावर चुकून उजवा गुडघा लिहिला होता. तेल देताना मी धोंडूबाईला तोंडी सांगितलं होतं की डाव्यालाच चोळ. मग देवाला डॉक्टरांची चूक कुठे सापडली?

उत्तर मला ठाऊक होतं. शाळेतली पुस्तकं छापील. मुलांना हाताने लिहिलेली मोडी वाचायला मिळत नसे. म्हणून आलेली कार्डं मी वर्गात वाचायला द्यायचो. प्रत्येकाने तीन ओळी, आणि त्याही खणखणीत आवाजात. पडवी आणि वर्ग यांच्यामध्ये नुसता काटक्यांचा सारवलेला कूड होता; इकडचा शब्द न् शब्द तिकडे ऐकू जाई.

गेलेली पत सावरायला बुवाने आता तुळसाकडे बोट केलं. तिचा नवरा मुंबईत गिरणीत. ती सासऱ्याजवळ राहत होती. "हिच्या पाठीवर पांढरा चट्टा आहे. महारोग! देवीचा कोप. घरात ठेवाल तर घर जाईल." तिच्या सासऱ्याने, खंडूने, तिच्या कडेवरचं मूल ओढून घेतलं आणि घराची पायरी चढू नकोस म्हणून सांगितलं.

चट्टा खरा होता. त्या सकाळीच माझ्या वर्गातल्या सखूने तुळसाच्या कार्डावरचं तेवढं वाचलं, आणि मी सुट्टीची घंटा दिली. कार्ड माझ्या कोटाच्या खिशातच होतं. पुढचं मीही वाचलं नव्हतं.

मी उठलो. कार्डांचं, कुडाचं, धोंडूबाईच्या गुडघ्याचं सगळं सांगितलं. बुवाचा देव माझ्या वर्गात बसत होता, हेही सांगितलं. बुवा घोंगडी आवरू लागला. पण खंडू हलला नाही. "मास्तर, चट्टा हाय का नाय, ता बोला."

माझा हात खिशातल्या कार्डावर गेला आणि तिथेच राहिला. ते सांगायचा अधिकार मला सकाळीही नव्हता.

तुळसाच पुढे आली. "वाचा मास्तर. अर्धा सगल्यांनी आयकलाय. उरलेला बी आयकू दे."

मी आधी मनात वाचलं, मग मोठ्याने. "चट्ट्यावर टोचलेलं समजतं असं आपण लिहिता. तेव्हा हा महारोग नव्हे, साधं शिबं आहे. सोबतचं मलम लावावं. घरच्यांनी भिऊ नये."

खंडूने मूल तिच्या हाती दिलं. तो तिच्याकडे पाहू शकला नाही, आणि मीही नाही. शिबं नसतं, तर मी काय वाचलं असतं?

पुढे डॉक्टर बंद पाकिटं पाठवू लागले. मलम संपलं तेव्हा तुळसा पहाटे उठून रत्नागिरीला चालत गेली. माझ्याकडून पत्र लिहून घेतलं नाही.

मुलांनो, कुणी तुमच्या मनातलं सांगू लागला तर हात जोडू नका. त्याला ते कुणी सांगितलं, ते शोधा. आणि दुसऱ्याच्या दुखण्याचा कागद हाती आला, तर तो ज्याचा त्याला द्या. मोडी शिकायला दुसरे कागद पुष्कळ आहेत.