तांडेलांच्या गोळ्यांचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. श्रीवर्धनजवळच्या कोळीवाड्यात गुणाजी तांडेलांच्या घरी राहतो. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. या घरात आलो तेव्हा माझ्यात बिस्किटं होती. ती संपली आणि गुणाजींनी मला होडीवर नेलं. मित्रांनो, होडीचे कागद मी बावीस वर्षं सांभाळले. लाटा अंगावर आल्या, पण आतला एकही कागद भिजू दिला नाही. पुढे प्लास्टिकची पेटी आली आणि मी माळ्यावर गेलो. दोन वर्षं कुणी माझं नावही काढलं नाही.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी गुणाजींच्या हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीत स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवली. तेव्हा त्यांची सून रुचिका हिने मला खाली काढलं, घासून लख्ख केलं आणि त्यांच्या गोळ्या व डॉक्टरांची चिठ्ठी माझ्यात ठेवली. एवढं मोठं काम मिळाल्यावर मी किती ऐटीत असेन!

पण एके दिवशी माझ्यात एक परकं पाकीट आलं. गुणाजींना जेवणानंतर छातीत जळजळ व्हायची, आंबट पाणी घशाशी यायचं. होडीवरच्या सदूने आपल्या कॅप्सूल त्यांना दिल्या. जळजळ थांबली, गुणाजी खूश झाले.

पंधरा दिवसांनी गोळ्या लावताना रुचिका थबकली.

"बाबा, हे पाकीट चिठ्ठीत नाही."

"सदूचं हाय ते. गुण आला ना!"

"डॉक्टरांना विचारलंत?"

"एवढ्याशा जळजळीला माणगाव गाठू व्हय?"

रुचिकाने मला पिशवीत घातलं. "तुम्ही येणार नसाल तर मी एकटी डबा घेऊन जाते." मग गुणाजीही निघाले.

माणगावच्या डॉक्टर हेमांगींनी मला टेबलावर रिकामं केलं आणि एकेक पाकीट वाचलं. त्या म्हणाल्या, "काका, ही कॅप्सूल वाईट नाही. सदूला चालत असेल. पण तुमची रक्त पातळ ठेवणारी गोळी आहे ना, तिचा जोर ही कमी करते. स्प्रिंगमध्ये गुठळी झाली असती तर?"

गुणाजींचा चेहरा उतरला. "वादळात माणसं सुखरूप आणली मी. आन् घरात बसून ह्ये केलं!"

ही जळजळ हृदयाची तर नाही ना, हे डॉक्टरांनी आधी तपासलं. मग दुसरी गोळी लिहून दिली. सकाळी न्याहारीच्या अर्धा तास आधी, न चावता, आठ आठवडे.

"मग पुन्हा दाखवा. घास अडकू लागला किंवा शौचाला काळं झालं तर लगेच या. रक्ताची गोळी मात्र मनाने थांबवायची नाही. आणि हो, डबा आणलात हे फार बरं केलंत."

मित्रांनो, माझी छाती अभिमानाने फुगली!

आठ आठवड्यांनी डॉक्टरांनी ती गोळी बंद केली. दोन वर्षं कुणाला न विचारता कॅप्सूल घेणारा सदूही तपासून आला.

परवा शेजारची गोदू दारात आली. "भाऊ, लय जळजळतंय. तुझ्याकडली एक गोळी दे की."

गुणाजींनी माझं झाकण घट्ट लावलं. "गोळी न्हाय देणार. तुझी समदी औषधं घे, रुचिका येईल तुझ्यासंगं डॉक्टरकडं."

मुलांनो, तुमच्याही घरी असा एखादा डबा असेल. मोठ्यांना सोबत घेऊन तो एकदा उघडा. चिठ्ठीत नसलेलं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. आम्ही डबे औषधं जिवापाड जपतो, पण विचारायचं काम तुमचं आहे.