मामाने हलवलेली पेटी

विमानातून उतरून रोसलिन गावात आली ती थेट पेटी बघायला. ज्वालामुखीच्या भोवताली भूकंप टिपणाऱ्या अशा कितीतरी पेट्या पुरलेल्या होत्या. गावातली नाचाच्या पटांगणाच्या कडेला होती. डोंगराखाली जमीन जराशी थरथरली की त्याची लाट पेट्यांपर्यंत पोचते. कडक खडकातून ती झपाझप येते, वितळलेल्या दगडातून रखडत येते. सगळ्या पेट्यांच्या वेळा जुळवल्या की जमिनीच्या पोटाचं चित्र उभं राहतं. राजधानीतल्या कचेरीत रोसलिनचं कामच ते. या खेपेला चित्रात तिच्या गावापाशीच वितळलेल्या दगडाचा लाल डाग उमटला होता.

साहेब म्हणाले होते, "एका पेटीच्या भरवशावर गाव उठवता येत नाही. जाऊन बघ. पेटी धड असेल तर मात्र उठवावं लागेल."

उठवणं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. मागे राख पडली तेव्हा अख्खं बेट रिकामं केलं होतं. शेजारच्या बेटावर तंबूत राहताना तिचे वडील गेले आणि परक्यांच्या जमिनीत पुरले गेले. तेव्हापासून आईने जाहीर केलं होतं, आता मेले तरी इथून हलणार नाही. आई बोललेलं करणारी बाई, रोसलिनला धास्ती होती ती त्याचीच. पेटी बिघडलेली निघू दे, असं ती वाटभर देवाला विनवत आली. शिकलेल्या बाईने असलं काही मागू नये, पण तिने मागितलं.

पटांगणाच्या कडेला पेटीच नव्हती.

पलीकडे आई केवड्याच्या पातीची चटई विणत होती. शेजारी तिचा थोरला भाऊ गराए, गावचा मुखिया, पाय पसरून बसला होता.

"मामा, पेटी कुठाय?"

"आहे की. तूच बजावलं होतंस ना, कुणाचा हात लागता कामा नये? मग मी मनाईचं नामेलेचं पान खोचलं. पान खोचलेल्या जागी पाय टाकायची कुणाची छाती आहे?"

"मग गेली कुठे?"

"अगं, डुकरं मारायचा सोहळा आला. पटांगणात पान, तर नाचायचं कुठे? पान उपटावं तर मलाच डुकराचा दंड. मग पानासकट पेटीच हलवली, तारोच्या कंदांच्या जुन्या मळ्यात. तान्ह्या पोरासारखी नेली, तोंडसुद्धा होतं तिकडेच ठेवलं. दर खेपेला आतलं कार्ड काढून विमानाने तुला धाडतो. एकदा तरी चुकलोय?"

"आणि मला सांगितलं नाहीस."

"त्यात काय सांगायचं? जमीन तर एकच आहे."

रोसलिनला रागवायचं होतं, पण हसूच फुटलं. ती आईच्या गळ्यात पडली. "पेटी एकीकडे आणि मी हिशेब करतेय भलत्याच जागेचा! चित्रच चुकलंय आई."

"मला ठाऊक होतं," आई म्हणाली. "तुमच्या पेट्यांना काय कळतंय? हात धू, जेवून घे."

"आधी नवी जागा मोजून येते."

मामा पुढे, ती मागे. मामाची बडबड चालली होती, तीही हुंकार देत होती. वाट चढत राहिली. झाडी सरली आणि समोर डोंगर आला, तशी तिची पावलं मंदावली.

"मामा, अजून वर?"

"वरच. डोंगराच्या जवळ नेऊन ठेवलीय, म्हटलं जास्त ऐकू येईल."

ती जागच्या जागी थांबली. थरथर होते ती डोंगराखाली. पेटी जवळ गेली, तर लाट आधी पोचायला हवी होती. ती खालच्या, लांबच्या जागेच्या हिशेबानेसुद्धा उशिरा पोचत होती. म्हणजे ती समजत होती त्याहून लाट कितीतरी जास्त रखडत होती. डाग खोटा नव्हता. तो अधिकच वाईट होता, आणि हे कळायला कॉम्प्युटरची गरज नव्हती.

पेटी हलली होती, नोंदी बाद, एवढं कळवून गप्प बसता आलं असतं. नव्या नोंदी जमेपर्यंत कुणी काही विचारलं नसतं. तिच्या मनात हे आलं, आणि तिला स्वतःची भीती वाटली. मळ्यात पोचल्यावर तिने जागा मोजली आणि मामाला सगळं सांगून टाकलं.

मामाचा चेहरा उतरला. "फुटणारच का?"

"नाही सांगता येत. खालचा वितळलेला दगड वर्षानुवर्षं असाच पडून राहील, नाहीतर नाही. पण लोकांना इथे ठेवता येणार नाही."

मामा एकदम गुडघ्यांवर बसला. त्याने पान उपटून बाजूला ठेवलं आणि हातांनीच पेटीभोवतीची माती उकरायला लागला.

"खाली नेतो. होती तिथेच पुरतो. पान उपटल्याचा दंडही भरतो, वळलेल्या सुळ्याचं माझं मोठं डुक्कर देतो. मग होईल ना तुझं चित्र नीट?"

"नाही मामा."

"ठेवून तरी बघू."

तो उकरतच राहिला. त्याला थांबवायचा रोसलिनला धीर होईना. थोडा वेळ तिने त्याला उकरू दिलं. मग त्याचे मातीने भरलेले हात धरून त्याला उठवलं, आणि दोघं आईला सांगायला खाली निघाली.