हव्वेच्या गालावरचा तीळ

दिग्नाबाईंच्या दुकानात एदेन बाग छापून दोरीवर वाळत असायची. आदाम, हव्वा, मधे झाड, झाडाला विळखा घातलेला साप, आणि उरलेल्या जागेत मावतील तेवढी जनावरं. हत्ती घरातल्या कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्याला बैलाचे गुडघे होते. टर्की कोंबडा मात्र हुबेहूब होता, कारण कास्परनं तो समोर बांधून कोरला होता आणि कोरून झाल्यावर खाल्ला होता. कास्पर म्हणजे दिग्नाबाईंचा नवरा. तो जाऊन बरीच वर्षं झाली, पण तांब्याच्या पत्र्यावरची त्याची ती बाग अजून घर चालवत होती.

त्यातली हव्वा म्हणजे तरुणपणीच्या दिग्नाबाई, हे अर्ध्या अँटवर्प शहराला माहीत होतं.

"चेहरा तेवढा माझा," त्या गिऱ्हाइकांना बजावायच्या. "मानेखालचं काही माझं नाही. ते इटलीच्या एका चित्रावरून घेतलंय."

"तरीच म्हटलं," मासळीवाली क्लारा हेरिंगची टोपली कमरेवर सावरत म्हणायची, "इटलीची हवा मानवलेली दिसते!"

पण तांबं झालं तरी झिजतंच. दर छापाला शाई भरा, फडक्यानं पुसा, मग तळहातानं पुसा. छापायचं दाबयंत्र लेनार्टकडे होतं, दिग्नाबाईंच्या एकुलत्या एक मुलाकडे. आईचा चेहरा स्वच्छ उठावा म्हणून त्यानं तो इतक्या मायेनं पुसला, की हव्वेला नाकच उरलं नाही. एका पाद्रीबाबांनी तर कागद उजेडात धरून विचारलं, "बाई, ही एदेन बाग आहे की नदीवरचं धुकं?"

पत्रा नव्यानं कोरायला हवा होता. काम पलीकडच्या गल्लीतल्या गोमारला द्यायचं, असं दिग्नाबाईंनी जाहीर केलं.

"गोमारला?" लेनार्टची बायको तानेके रंगाचा ब्रश खाली ठेवून म्हणाली. "सासूबाई, त्यानं कोरलेली प्रत्येक बाई खाटकाच्या भावासारखी दिसते. मला द्या ना."

तानेके कोरणाऱ्याची मुलगी. बापाच्या शेजारी बसून कोरणी चालवायला शिकलेली. पण या घरात आल्यापासून तिच्या वाट्याला एकच काम आलं होतं, छापलेल्या चित्रांत रंग भरायचं. झाडं हिरवी, सफरचंद लाल, साप तिच्या मर्जीनं.

"तुझी कोरणी घसरली तर आपण खायचं काय? रंगवलेली सफरचंदं?"

"आई, तिच्या हाताला वळण आहे गं," लेनार्ट म्हणाला.

"तू गप. तू माझं नाक खाल्लंस."

आठवडाभर घरात भांडी जरा जास्तच वाजली. शेवटी दिग्नाबाई म्हणाल्या, "कर. पण माझा चेहरा मला पसंत पडला नाही, तर पत्रा गोमारकडे. आणि तू कायमची रंगात. पुन्हा कोरणीचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल."

तानेकेनं आधी पानं आणि जनावरं उजळून घेतली. मग चेहऱ्यापाशी आली. तिथे तांबं गुळगुळीत झालेलं, काहीच उरलं नव्हतं. सासूच्या पलंगाच्या वर भिंतीला पहिल्यावहिल्या छापांपैकी एक टांगलेला होता, तो तिनं निरखून पाहिला, आणि तिला हसूच आलं. गालावरचा तीळ चुकीच्या गालावर होता! हसताना वर जाणारा ओठाचा कोपराही भलत्याच बाजूचा. तांब्यावर जे उजवीकडे कोराल ते कागदावर डावीकडे उमटतं. म्हणून चेहरा आधी कागदावर काढायचा, तो कागद पालथा करायचा आणि मग कोरायचं. हे पहिल्या महिन्यात शिकवतात. सासरे विसरले होते.

तानेके विसरली नाही. सासू सलगम सोलत असताना तिनं तिचा चेहरा कागदावर घेतला, सुरकुत्या वगळल्या, कागद पालथा केला आणि तीळ जिथल्या तिथे बसवला.

पहिला छाप निघाला तेव्हा क्लारा दारातच होती. "अगं बाई! ही तर दिग्नाच! आता म्हणेल बघ, तुझं हेरिंग शिळं आहे."

लेनार्टच्या डोळ्यांत पाणी आलं.

दिग्नाबाईंनी कागद जवळ धरला, लांब धरला. "ही कोण?"

"तुम्ही, सासूबाई."

"ही मी नव्हे. ही माझी कुणीतरी चुलत बहीण असेल. मनात एक, तोंडावर एक असलेली." त्यांनी कागद खाली ठेवला. "टोपी घालते आणि गोमारकडे जाऊन येते."

तानेके जागच्या जागी उभी राहिली. क्लारा ओळखते, पोटचा मुलगा ओळखतो, आणि जिचा चेहरा तीच ओळखत नाही? दिग्नाबाई आरशासमोर टोपीचे बंद बांधत होत्या. आरशात तीळ दिसत होता. दुसऱ्याच गालावर.

"सासूबाई, हलू नका!"

तिनं नवा छाप उचलला आणि सासूच्या चेहऱ्याशेजारी, आरशाकडे तोंड करून धरला. आरशात दोन दिग्नाबाई दिसल्या, एक तरुण, एक म्हातारी. तीळ दोघींच्या एकाच बाजूला होता.

"आम्हाला तुम्ही या कागदासारख्या दिसता," तानेके हळूच म्हणाली. "जुन्या छापात उलटं आलंय. आरशात येतं तसं. म्हणून तो तुम्हाला तुमचा वाटतो."

दिग्नाबाईंनी आधी आरशात पाहिलं, मग कागदावर.

"म्हणजे त्या माणसानं मला जन्मभर उलटी विकली?"

"मामंजी चुकले असतील."

"कास्पर? त्या टर्कीचं पीस न् पीस बघ. तो चुकणारा नव्हता." एवढं म्हणून त्या थांबल्या, आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "कागदावर काढलंच नव्हतं त्यानं. पत्रा घेऊन समोर बसला, थेट तांब्यावरच सुरू. मी म्हटलं, आधी कागदावर काढ की. तर म्हणाला, तेवढा धीर नाही मला, तुझ्याकडे बघायचंय." त्यांनी नाक ओढलं. "आणि माझी लापशी करपत होती."

क्लारानं टोपली खाली ठेवली.

"हे बरोबर कोरलंयस?" दिग्नाबाईंनी विचारलं.

"बरोबर कोरलंय."

"मग मला नको. त्याची चूक परत घाल."

चेहरा घासून काढायचा, मागून ठोकून तांबं वर आणायचं, पुन्हा कोरायचं. "गोमारला निरोप पाठवू?" तानेकेनं मुश्किलीनं विचारलं.

"गोमार काय करणार? तो नियमानं कोरेल. तू कोर. आणि कागद नको मधे." दिग्नाबाईंनी खिडकीपाशी खुर्ची ओढली, टोपी काढली, कमरेच्या खिशातल्या रुमालानं तोंड पुसलं. "आता चूक कुठे आणि कशी करायची, हे घरात तुलाच कळतं. ती कोरणी यापुढे तुझ्याकडेच ठेव."

दोन दिवसांनी तांबं तयार झालं. तानेकेनं पत्रा मांडीवर घेतला आणि सासूच्या समोर बसली.

"वय किती धरू?"

"बागेत सुरकुत्या असतील का गं?"

"हव्वेनं अजून सफरचंद खाल्लेलं नाही. नसाव्यात."

"मग तुझं तू ठरव."

तानेके बघत राहिली. कोरणी हातातच होती, पण बराच वेळ ती नुसती बघतच राहिली. दिग्नाबाईंनीही एकदाही घाई केली नाही.